शिट्टीबाईंची जोडी

शिट्टी वाजली आणि पोहण्याच्या तलावातला गलका जागच्या जागी थांबला.

"जोडी!" काठावरून बाई ओरडल्या.

उथळ पाण्यातली पोरं धपाधप एकमेकांकडे धावली. पाण्यात धावणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पाय पुढे जायला तयार नसतात, आणि हसू आलं तर नाकातोंडात पाणी जातं. तरी बघता बघता हातात हात अडकले आणि ओले हात वर झाले. बाईंनी डोळे बारीक करून या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं, मान डोलावली आणि दुसरी शिट्टी दिली. गलका जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला.

पायऱ्यांजवळची एक जोडी मात्र हात सोडायला तयार नव्हती.

"ए रेडिओ! ही तुझी आजची जोडी नव्हे," बाई म्हणाल्या. "तुला आज उशीर दिलाय ना? त्याचा हात कुठाय?"

"बाई, त्याचा हात बुळबुळीत लागतो. आणि तो हात धरायलाही उशीर करतो. आणि हूंची जोडी तिकडे नाक शिंकरत होती, म्हणून हूं एकटी उभी होती, म्हणून मी म्हटलं की आपणच जाऊ. हो की नाही गं हूं?"

"हूं," दुसरी म्हणाली.

बाईंच्या तलावावर खरी नावं कपड्यांबरोबर खुंटीला टांगून यायची पद्धत होती. जी सतत बोलायची ती रेडिओ. जी नुसतं 'हूं' म्हणायची ती हूं. जो रोज धापा टाकत शेवटी यायचा तो उशीर. स्वतः बाईंना सगळं गाव शिट्टीबाई म्हणायचं. गळ्यातली ती शिट्टी त्या झोपताना तरी काढतात की नाही, यावर मुलांमध्ये पैजा लागायच्या.

बाईंचे नियम दोन. पहिला त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर रंगवला होता: पाण्यात एकटं उतरायचं नाही. प्रत्येकाला एक जोडीदार. शिट्टी झाली की त्याचा हात धरून वर करायचा, म्हणजे कोणी कमी पडलंय का ते काठावरून लगेच कळतं. दुसरा नियम भिंतीवर नव्हता, पण बाईंना तो जास्त प्रिय होता. रोज नवी जोडी! काल ज्याचा हात धरला त्याचा आज धरायचा नाही.

"एकाच खुंटीवर सगळे कपडे टांगले, की एक दिवस खुंटी निघते आणि सगळंच चिखलात जातं," असं त्या पालकांना सांगायच्या. पालकांना ते फार आवडायचं. बाई स्वतःही तशाच जगल्या होत्या. लग्न केलं नाही. भाऊ परदेशी. पण रस्त्याने निघाल्या की दहा दुकानांतून हाका यायच्या. या गावातल्या निम्म्या लोकांना बाईंनीच पाण्यात ढकललं होतं. आपल्याला अमुक एक मैत्रीण नाही, आपल्याला गावच्या गाव आहे, असं त्या मोठ्या अभिमानाने म्हणत.

त्या दिवशी शिकवणी सुटल्यावर रेडिओची आई मुद्दाम थांबली. दातांची डॉक्टर. बोलतानाही समोरच्याच्या दातांकडे बघायची.

"बाई, तुमचा तो रोज नव्या जोडीचा नियम मला एकदम पटतो. पण या दोघी तो पाळत नाहीत. घरी सकाळपासून हूं असं म्हणाली, हूं तसं म्हणाली. ती पोर काही म्हणते तरी का हो? वाढदिवसाला वर्गातल्या सगळ्यांना बोलवू म्हटलं, तर म्हणे, हूं आली की पुरे. उद्या ते लोक दुसऱ्या गावी गेले की माझी पोर रडत बसणार. आणि ती दुसरी तर नुसती हिच्या अंगावर रेललेली असते. हिलाच ओझं."

हे सगळं तिकिटाच्या खिडकीसमोर चाललं होतं. आणि मागे हूंचे वडील उभे होते, हे डॉक्टरीणबाईंच्या लक्षातच आलं नाही. ते पावाच्या कारखान्याची गाडी चालवायचे. कामावरून थेट आले होते. बाह्यांना पीठ लागलेलं.

"ताई, माझं ऐका," ते म्हणाले. "आम्ही गाव बदललं, शाळा बदलली आणि पोरगी मुकीच झाली हो. जेवलीस का? हूं. बरं वाटतं का? हूं. या पोरीची गाठ पडल्यापासून संध्याकाळी मला धरून बसवते आणि सांगते, रेडिओ असं म्हणाली, मग मी असं म्हटलं. मला माझ्या पोरीला शंभर मैत्रिणी नकोत. ही एक आहे, ती राहू द्या."

दोघंही बाईंकडे बघायला लागले. बाई क्षणभरच घुटमळल्या.

"पाण्यात वेळेला कोण जवळ असेल सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे हात धरता आले पाहिजेत. उद्यापासून दोघींना दोन कोपरे."

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. हूंच्या वडिलांनी मान खाली घातली आणि गाडीकडे गेले. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"सगळ्यांची ती कोणाचीच नाही."

या खिडकीबाई. तलाव सुरू झाला तेव्हापासून तिकिटं फाडत बसलेल्या. खिडकीतून तलावावरचं जे जे दिसेल, ऐकू येईल त्यावर मत देणं हा त्या आपला हक्क समजत. शिट्टी आणि खिडकी यांचं कधी एका गोष्टीवर एकमत झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. पाणी गार आहे की कोमट, यावरूनसुद्धा दोघींची जुंपायची.

"तुम्ही तुमची तिकिटं फाडा हो," शिट्टीबाई म्हणाल्या.

"फाडतेच आहे," खिडकीबाई म्हणाल्या आणि एक तिकीट जरा जोरातच फाडलं.

शिट्टीबाईंना खिडकीबाईंची एक सवय फार खुपायची. सकाळी तलाव उघडायच्या आधी शिट्टीबाई स्वतः पोहायच्या. रिकामा तलाव, सपाट पाणी, कोणाची कटकट नाही. पण खिडकीबाई कामावर यायच्या वेळेच्या कितीतरी आधी येऊन खिडकी उघडून बसायच्या. समोर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं, हातात पेन. आणि बाई पोहून बाहेर येऊन बघतात तर कोडं कोरंच्या कोरं! एक चौकोन भरलेला नसायचा.

"अजून एक शब्दही सुटला नाही?" बाई टॉवेलने डोकं पुसत चिडवायच्या. "बालवाडीचं कोडं आणून देऊ का?"

"अवघड आहे आजचं," खिडकीबाई रोज म्हणायच्या.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र बाईंनी कोणालाच सांगितली नव्हती. त्यांचा उजवा डोळा दुधाळ झाला होता. डावाही त्याच वाटेवर. वर केलेले हात आता हात दिसत नव्हते. काहीतरी उभं, हलतं दिसायचं. बाई ते अंदाजाने मोजत होत्या. डॉक्टर म्हणाले होते, घाबरण्यासारखं काही नाही, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून टाका, त्याच दिवशी घरी. आणि मग नर्सने विचारलं होतं, "सोबत कोण येणार? एक माणूस लागतं. घरी न्यायला, औषध घालायला."

"एकच ना?" बाई हसल्या होत्या. "अख्खं गाव आहे माझं."

दवाखान्यातून बाहेर पडल्या तर चष्मेवाल्याने हाक मारली, फुलवाल्या पोरीने हात केला, टपालवाल्याने सायकल थांबवून तब्येत विचारली. यातल्या कोणालाही सांगितलं असतं तर आनंदाने आलं असतं. पण सांगायचं कोणाला? माझ्या डोळ्यांत औषध घाल, मी घाबरले तर हात धर, असं म्हणायचं कोणाला? बाईंनी मनातल्या मनात सगळ्या गावाला फेरी मारली आणि घरी आल्या. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. मग आणखी एकदा ढकलली. आपण कशाला घाबरतोय ते त्यांना नीट कळत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

रेडिओला आणि हूंला दोन कोपरे दिले त्याच आठवड्यातली गोष्ट. हूंची त्या दिवशीची जोडी होता उशीर. शिट्टी झाली. उशीर उशिराच जागा झाला आणि सवयीने कालच्या जोडीकडे धावला. तिने आजच्या जोडीचा हात आधीच धरला होता. उशीरने तिचा दुसरा हात पकडला. तिघांचे हात वर. धुकट डोळ्यांना त्या दोन जोड्या दिसल्या. बाईंनी मान डोलावली आणि शिट्टी ओठांना लावली.

"हूं!" पलीकडच्या कोपऱ्यातून रेडिओ किंचाळली. "बाई, हूं कुठाय? हूं दिसत नाही!"

जिथून तळ खोल होत जातो तिथे एक दोरी बांधलेली होती. हूंचा पाय तिथल्या उतारावरून घसरला होता. एका हाताने दोरी धरलेली, पण तोंड पाण्याखाली. बाईंनी कपड्यांसकट उडी मारली. डोळ्यांना धूसर दिसत असलं, तरी पाण्यात त्यांचं अंग कधी चुकत नव्हतं. दोन हातांत पोर बाहेर. हूं खोकली, पाणी ओकली, मग भोकाड पसरलं. तिचा रडण्याचा आवाज ऐकून बाईंच्या जिवात जीव आला.

रेडिओ मात्र रडली नाही. ती काठावर हूंला घट्ट धरून बसली होती.

"तुला कसं दिसलं गं?" बाईंनी विचारलं.

"मी तिच्याकडेच बघत होते."

"पण आज ती तुझी जोडी नव्हती."

रेडिओने बाईंकडे असं बघितलं, जणू बाईंनी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "जोडी नव्हती म्हणून बघायचं पण नाही?"

त्यानंतर त्या दिवशी रेडिओ एक शब्द बोलली नाही. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण सगळे हूंकडे बघत होते.

बाईंनी उरलेली शिकवणी तिथेच थांबवली. पालक आल्यावर त्यांना एका बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं. माझे डोळे गेलेत, मला दिसलं नाही, आणि मी ते लपवलं. चूक पोरांची नाही, माझी आहे. डोळे नीट होईपर्यंत मी शिट्टी वाजवणार नाही. कोणी रागावलं, कोणी पोराचा हात धरून निघून गेलं. हूंच्या वडिलांनी पोरीला कडेवर उचललं. एवढी मोठी पोर, तरी उचललं. "तुम्हीच काढलंत तिला," एवढंच म्हणाले. त्या शब्दांनी बाईंना जास्तच लागलं.

सगळे गेल्यावर बाई ओल्या कपड्यांनी बाकावर बसून राहिल्या. खिडकीबाई टॉवेल घेऊन आल्या. खिडकी उघडी, तिकिटं उघडी, सगळं टाकून आल्या होत्या.

"पुसा. सर्दी होईल."

"होऊ दे."

"मला माहीत होतं," खिडकीबाई म्हणाल्या. "हल्ली सकाळी कुलपात किल्ली घालताना चाचपडता. मी वाट बघत होते, कधी सांगताय. ऑपरेशन का नाही करत?"

"सोबत एक माणूस लागतं म्हणतात."

"मग?"

"मग काय? कोणाला सांगू?" बाईंचा आवाज चिरका झाला. "सगळं गाव ओळखतं मला. पण सांगायचं म्हटलं तर एक नाव आठवत नाही. एकसुद्धा नाही हो!"

खिडकीबाईंचा पारा जो चढला, तो शिट्टीबाईंनी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता.

"वेडी आहेस का तू?" त्या म्हणाल्या. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "ती भिंत बघ. काय लिहिलंय तिथे? दिसत नसेल तर मी वाचते. पाण्यात एकटं उतरायचं नाही. कोणी लिहिलं? तू. आणि रोज सकाळी दार उघडायच्या आधी त्या एवढ्या पाण्यात एकटी कोण उतरतं? तूच! मग तुझी जोडी कोण गं? सांग ना, तुझी जोडी कोण?"

शिट्टीबाईंनी खिडकीकडे मान वळवली.

"म्हणजे ते शब्दकोडं..."

"कसलं डोंबलाचं शब्दकोडं! खाली मान घातली तर तू दिसत नाहीस. तू बाहेर आलीस की मी चहा पिते आणि मग चुटकीसरशी सोडवते. मला काय एक शब्द येत नाही वाटलं तुला?"

"इतकी वर्षं?"

"मग? तू काय एखादा दिवस खाडा करतेस?"

"कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर काय म्हणाली असतीस? रोज नवी जोडी पाहिजे!"

शिट्टीबाईंना हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की माणूस जरा विचित्रच दिसतो. खिडकीबाईंनी टॉवेल हिसकावून घेतला आणि त्यांचं डोकं खसाखसा पुसायला लागल्या.

ऑपरेशनच्या दिवशी तिकिटाच्या खिडकीवर पाटी लागली: आज खिडकी बंद. अशी पाटी त्या खिडकीवर पहिल्यांदाच लागली होती, त्यामुळे गावात कोणीतरी गेलं की काय अशी चर्चा झाली. दवाखान्यात नर्सने खिडकीबाईंना विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"मी यांच्यावर लक्ष ठेवते," खिडकीबाई म्हणाल्या.

"नातं काय पण?"

"तेच तर सांगतेय."

आत नेताना शिट्टीबाईंनी हात पुढे केला आणि खिडकीबाईंनी तो धरला. औषध घालण्यावरून दोघी पुढचे सगळे दिवस भांडल्या. एक म्हणे दोन थेंब, दुसरी म्हणे तीन पडले. काही आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, तेव्हा तीच पाटी पुन्हा लागली. या वेळी मात्र गावाला कळलं होतं.

बाई परत आल्या तेव्हा हंगामाचे शेवटचे दिवस उरले होते. डॉक्टरांनी अजून पाण्यात उतरायला बंदी केली होती, पण काठावर उभं राहायला कोण अडवणार? मधल्या काळात शिकवणाऱ्या तरुण मास्तरांना त्यांनी पाण्यात ठेवलं आणि आपण शिट्टी घेतली. पाण्याचा रंग बघून त्या थबकल्या. हे पाणी इतकं निळं होतं? आणि तळाची एक एक फरशी वेगळी दिसत होती.

"ऐका रे," त्यांनी पोरांना जमवलं. "नियम बदललाय. प्रत्येकाला हात किती?"

"दोन!"

"एका हातात नेहमीची जोडी. ज्याची त्याने निवडायची, मी नाही. दुसऱ्या हातात रोज नवी. शिट्टी झाली की दोन्ही हात धरलेले दिसले पाहिजेत."

डॉक्टरीणबाई कुंपणापलीकडून ऐकत होत्या. "बाई, पण मग पुन्हा त्या दोघी एकमेकींनाच..."

"चिकटतील," बाई म्हणाल्या. "चिकटू द्या. हिला सगळ्यांशी खेळता यायला हवं हे तुमचं खरं आहे, त्यासाठी दुसरा हात आहे. पण पाणी नाकात गेलं तेव्हा त्या पोरीला सगळ्यांनी नाही पाहिलं. एकीने पाहिलं."

डॉक्टरीणबाईंना ते पुरतं पटलं नव्हतं, तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि आता बाईंना चेहरे दिसत होते.

शेवटच्या दिवशी खोल पाणी ओलांडायचं असतं. जोडीजोडीने, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. जे ओलांडतील ते पुढच्या वर्षी मोठ्यांच्या गटात. जे राहतील ते पुन्हा उथळ पाण्यात. काठावर पालकांची गर्दी, खिडकीसमोर रांग. सगळ्यांना एकच काळजी होती, ती हूंची. बुडता बुडता वाचलेली पोर, ती कसली खोल पाण्यात जाते!

हूं पायऱ्यांवरून सरळ उतरली, भिंत धरून पाण्यात तरंगत राहिली आणि वर बघायला लागली.

वर रेडिओ उभी होती. पायाची बोटं काठाला घट्ट रोवलेली, ओठ पांढरे.

"मला नाही जायचं," ती म्हणाली.

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या पोरीच्या नाकातोंडात पाणी गेलं ती रडून मोकळी झाली होती. ज्या पोरीने ते बघितलं ती गप्प बसली होती, आणि ते सगळं तिच्या आत तसंच राहिलं होतं.

"अगं, तुला तर येतं छान!" डॉक्टरीणबाई काठावरून ओरडल्या. "जा ना! सगळे गेले!"

रेडिओने मान हलवली. बाई पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात पाण्यातून आवाज आला.

"बस आधी. काठावर बस. हं. आता पाय सोड पाण्यात."

हा आवाज कोणाचा, हे कळायला सगळ्यांनाच वेळ लागला. तलावावर तो आवाज फारसा कोणी ऐकलाच नव्हता.

"खाली बघू नकोस," हूं म्हणाली. "खाली काही नाहीये, नुसत्या फरश्या आहेत. माझ्याकडे बघ. त्या दिवशी कशी बघत होतीस? तशीच बघ. दिसते ना मी?"

"हूं," रेडिओ म्हणाली.

"मग ये."

रेडिओ पाण्यात उतरली. दोघी भिंत सोडून निघाल्या. आणि हूं बोलत होती. पोहताना बोलू नये, दम जातो, असं बाईंनी हजारदा शिकवलेलं. पण ती पोर श्वास घ्यायला तोंड बाहेर काढलं की बोलायची.

"हात पुढे. लांब. अजून लांब. तो उशीर बघ, तोंड उघडं टाकून उभा आहे, माशी जाईल आत. दुसरा हात. माझे बाबा रडतायत, त्यांच्याकडे बघू नकोस, ते असेच आहेत. मी आहे ना, मी कुठे जात नाही. दमलीस?"

"हूं."

"दमली असलीस तरी चल. मी पण दमलेय. अर्धं झालं, आता मागे फिरलो तरी तेवढंच पोहायचंय, मग पुढेच जाऊ. हो ना?"

"हूं."

तलाव चिडीचूप झाला होता. पाण्याचा आणि त्या एका पोरीच्या बोलण्याचा, एवढाच आवाज. डॉक्टरीणबाईंनी कुंपण दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"ती... बोलते?" त्यांनी शेजारी विचारलं.

"बोलते म्हणजे!" हूंच्या वडिलांनी बाहीने डोळे पुसले. गालाला पीठ लागलं. "घरी तर थांबतच नाही हो. तुमच्याच पोरीकडून शिकली."

आधी हूंचा हात भिंतीला लागला, पण तिने तो लगेच काढून घेतला आणि थांबली. रेडिओचा हात लागला, मग तिने आपला लावला. पोरांनी असा काही कल्ला केला की छतावरची कबुतरं उडाली. तरुण मास्तरही लहान पोरासारखे पाण्यावर हात आपटत होते.

रेडिओने तोंडावरचं पाणी पुसलं, दोन श्वास घेतले, आणि सुरू झाली. "मी घाबरले नव्हते काही, माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. आणि पाणी केवढं गार आहे तिकडे! आणि तू किती बोलतेस गं हूं, कान दुखले माझे—"

"हूं," हूं म्हणाली आणि हसत सुटली.

डॉक्टरीणबाई टॉवेल घेऊन धावल्या. एकच आणला होता. तो त्यांनी दोघींच्या भोवती गुंडाळला, दोघींना एकदम जवळ घेतलं, आणि स्वतःही भिजल्या.

"वाढदिवसाला कोणाला बोलवायचं ते तूच ठरव," त्या लेकीला म्हणाल्या.

"हूंला," रेडिओ म्हणाली. मग जरा विचार करून, "आणि उशीरला. पण त्याला तास आधीची वेळ सांगायची."

मग हंगामाची शेवटची शिट्टी झाली.

"जोडी!"

पोरांचे हात अडकत गेले. एका हातात नेहमीची जोडी, दुसऱ्या हातात आजची. तलावाच्या या काठापासून त्या काठापर्यंत हातांची एक सलग साखळी वर उठली आणि तिच्यातून पाणी ठिबकत राहिलं. बाईंना त्यातलं एकेक बोट दिसत होतं. कोणाच्या बोटाला शाई लागलेली, तीही दिसली. त्या सावकाश मोजायला लागल्या. घाई नव्हती.

"बाई!" रेडिओ ओरडली. "आणि तुमची जोडी?"

सगळी पोरं बाईंकडे बघायला लागली. बाई काठावर एकट्याच उभ्या होत्या. त्यांनी एकवार भिंतीवरच्या त्या जुन्या अक्षरांकडे पाहिलं. मग हातातली शिट्टी सोडली आणि आपला हात सरळ वर केला.

पलीकडे, रांगेच्या डोक्यांवरून, तिकिटाच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि वर झाला. त्यात पेन होतं.

बाईंनी तो मोजला. मग दुसरी शिट्टी दिली.